‘छान हाय की’ म्हणणाऱ्या गुरम्मा

“ओरडणाऱ्याकडं सगळेच बघतात. गप्प बसणाऱ्याकडं तू बघ,” अडगळीतली एक मोडकी चाकांची खुर्ची मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी ते कानाआड केलं. तेव्हा माझी चाकं चकाकत होती. आज मीही एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो, आणि तेच तुम्हाला सांगणार आहे.

सात रस्ता नावाच्या चौकाजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराचं एक केंद्र आहे. सकाळी गाडी त्यांना घरून आणते, संध्याकाळी सोडते. मांडीचं हाड मोडलेल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या गुरम्मा आज्जींच्या वाट्याला मी आले. खुर्चीत बसणाऱ्यांची आंघोळ तिथं जेवणं उरकल्यावर होई.

केंद्र सांभाळणाऱ्या अपेक्षाताई दर शनिवारी विचारत, “सेवा कशी वाटते?”

यंत्रमागावर आयुष्य काढलेले तेलुगू नरसय्या आजोबा लगेच सुरू होत. “कसली सेवा? भात गार, चहा म्हणजे पाणी. चिंचेचं सार मागून थकलो मी.” पुढच्या आठवड्यात सार येई.

गुरम्मा म्हणत, “छान हाय की. लई करता तुमी.”

तपासणीला आलेल्या साहेबांना ताई सांगत, “तेलुगू मंडळींची कुरकुर फार. कन्नड बोलणारी मंडळी मात्र समाधानी आहेत.” साहेब मान डोलवत.

पण खुर्चीला वजन कळतं. गुरम्मा बसल्या की माझी बैठक ताणली जायची; हळूहळू ती जेमतेम दबू लागली. केंद्रातल्या माणसांशी मला बोलता येत नाही, करकरता येतं. मी जोरात करकरू लागले. ताईंनी चाकात तेल घातलं.

एका दुपारी, जेवणं चालू असताना, गुरम्मा माझ्यातून पुढं कलंडल्या. ताईंनी त्यांना उचलून सावरलं आणि ताईच चरकल्या. “अगं बाई, किती हलक्या झाल्यात. ताट तर रोज रिकामं येतं.”

नरसय्या खाली बघत म्हणाले, “ते मी रिकामं करतो. ती सरकवते माझ्याकडं. मला वाटलं, घरून खाऊन येते.”

ताईंनी पाण्याचा पेला पुढं केला. गुरम्मांनी तो बाजूला सारला. त्यांचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. “आंघोळ न्हाय, लिंगपूजा न्हाय, मग घास कसा घेऊ? सकाळी सुनेला कामावर जायची घाई. हितली आंघोळ जेवणं उरकल्यावर. संध्याकाळी घरी पूजा करून मग जेवते की.”

“दिवसातून एकदाच? सांगितलं का नाही, आज्जी?”

“एवढं करता तुमी. वर नावं ठेवू व्हय?”

“मी रोज ठेवतो,” नरसय्या म्हणाले. “मला कुणी हाकललं का?”

ताईंनी लगेच पाणी तापवायला लावलं. तेव्हापासून मी सकाळी गाडीजवळून थेट न्हाणीघराकडं धावते. आंघोळ झाली की गुरम्मा खिडकीशी विभूती लावून पूजा करतात, मग ताट मांडीवर घेतात. ओलीनं माझे सांधे गंजले आहेत, पण एकही सकाळ मी चुकवलेली नाही, चुकवणारही नाही. माझी बैठक पुन्हा ताणली जाऊ लागली आहे. गेल्या शनिवारी ताईंनी विचारलं, तेव्हा गुरम्मा म्हणाल्या, “भाकरी कडक हाय.” ताई हसल्या आणि स्वयंपाकघरात सांगायला गेल्या.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही ‘सगळं छान आहे’ म्हणणारं कुणी एकटं असेल. आजच त्यांच्याकडं जा. कसं वाटतं, असं विचारू नका. आज काय जेवलात, ते विचारा, आणि खरं उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.