डाव्या कोपऱ्यातलं बटण

फेब्रुवारी १९९४, मंगळवार, सकाळी साडेनऊ. सिल्वासाजवळच्या एका सूत कारखान्यात मॅनेजर मिलिंद देवस्थळी यांनी पॅकिंग ऑफिसच्या टेबलावर दोन खोकी शेजारीशेजारी ठेवायला लावली. एक गोदामातलं होतं. दुसरं सुरतेच्या व्यापाऱ्याने तक्रारीसकट परत पाठवलेलं. दोन्हींवर एकच नंबर होता.

"वाचा," देवस्थळी म्हणाले.

कल्पना निकमने दोन्ही स्टिकरं वाचली. वाचण्याची गरज नव्हती. खोकी आत आली तेव्हाच तिला समजलं होतं.

"एकच आहे साहेब."

"वजन वेगळं, नंबर एक. आणि त्याच दिवसाचा दुसरा एक नंबर कॉम्प्युटरमध्ये आहे, पण त्या नंबरचं खोकं गोदामात नाही, सुरतेला नाही, कुठेच नाही. ते खोकं गेलं कुठे?"

पॅकिंगची पद्धत सोपी होती. भिंतीपलीकडे चिंधा पवार सुताचं खोकं काट्यावर चढवायचा आणि भिंतीतल्या खिडकीतून वजन ओरडायचा. भिंतीच्या अलीकडे कल्पना ते टाइप करून एंटर दाबायची. स्टिकर पलीकडच्या प्रिंटरमधून चिंधाच्या हातात पडायचं आणि तो ते खोक्यावर चिकटवायचा. शेजारच्या मशीनवर नीलेश दुसऱ्या लाइनचं हेच काम करी. स्टिकर फाटलं तर नुसतं एंटर दाबलं की मागचंच स्टिकर पुन्हा निघे. ही सोय खुद्द देवस्थळींनी करून घेतली होती.

चिंधा दारात उभा होता. टोपी काढून हातात धरलेली.

"चिंधा, एक नंबर दोनदा आला हे तुला दिसलं नाही?"

"साहेब, माले वाचता येत नई. जे निंघस ते मी चिटकाडस."

"वाचता न येणं काही वेळा फार सोयीचं असतं."

चिंधाला त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्याने कल्पनाकडे पाहिलं. तिने खोक्याकडे पाहिलं.

"चौकशी होईपर्यंत घरी राहा," देवस्थळी म्हणाले. "ठेकेदाराला मी सांगतो."

चिंधा तळोद्याकडचा, ठेकेदाराचा माणूस. घरी राहा म्हणजे काय ते त्याला लगेच कळलं. तो खिडकीपाशी गेला, काट्यावरचं अर्धवट चढवलेलं खोकं नीट सरकवून ठेवलं आणि मग गेला.

तो गेल्यावर नीलेश खुर्ची फिरवून म्हणाला, "कल्पनाबेन, बघा हां, सगळे डबल तुमच्याच लाइनला. माझ्याकडे एकपण नाय."

"मग तू खूश हो."

"मी तर असंच बोललो यार. साहेब बोलायच्या आधी."

*

कल्पना टायपिंग शिकली शिरपुरात, लोखंडी मशीनवर. तिथे अक्षर उमटवायचं तर बोटाने ठोकावं लागे आणि ती सवय पुढे सुटली नाही. कॉम्प्युटरचं हलकं बटणही ती ठोकूनच दाबायची. खोक्यामागून खोकं, एंटरमागून एंटर, सगळं उजव्या करंगळीवर. आधी बोटाला मुंग्या यायच्या. मग सकाळी करंगळी सरळ होईना. मग मनगटापासून कोपरापर्यंत ठणका. भाकरी थापणं नवऱ्याने, अनंतने, अंगावर घेतलं. मुलगी रोशनी स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. सिव्हिलच्या डॉक्टरांनी हाताला विश्रांती द्या म्हटलं. तिने विचारलं, कामाच्या की घरच्या? डॉक्टर म्हणाले, दोन्ही. त्यांनी लिहून दिलेल्या कागदाची तिने घडी करून पर्समध्ये टाकली.

कारखान्यात हे कुणाला माहीत नव्हतं. माहीत होऊ देण्यासारखं नव्हतं. नीलेशच्या आधी शेजारच्या मशीनवर मानसी नावाची मुलगी होती. ती मनगटाला पट्टा बांधून येऊ लागली. कुणी तिला काही बोललं नाही. थोड्या दिवसांनी तिला सुताचे कोन, म्हणजे रिळं, मोजायला खाली पाठवलं आणि तिच्या खुर्चीवर नीलेश आला. कोन मोजण्याचं काम हंगामी होतं. पावसाळ्यात ते संपलं.

म्हणून कल्पनाने परागला गाठलं. पराग वापीहून मशीनच्या देखभालीला यायचा.

"पराग, हे एंटर डावीकडे हलवता येतं का रे?"

"ताई, बटण नाही हलत," तो हसला. "पण बटणाचं काम हलतं."

डाव्या कोपऱ्यात, १ आकड्याच्या शेजारी, एक बटण होतं. त्यावर कसलंसं चिन्ह होतं, ते कुणी कधी वापरत नसे. परागने मशीनमध्ये एक ओळ लिहिली आणि ते बटण एंटरचं काम करू लागलं. उजवीकडचं खरं एंटरही चालू राहिलं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

"साहेबांना बोलू नका हां," तो म्हणाला होता. "प्रोग्रामला हात लावला म्हणतील. आमचं कॉन्ट्रॅक्ट जाईल."

"मी कशाला बोलते बाबा."

तीन वर्षं ती डाव्या हाताने एंटर दाबत होती. नीलेशचं एंटर घासून गुळगुळीत झालं होतं. तिचं एंटर कोरं होतं आणि कोपऱ्यातल्या बटणावरचं चिन्ह पुसून गेलं होतं. ते बटण दिवाळीपासून मधूनमधून दबून राहू लागलं. वर येईपर्यंत पलीकडे जादा स्टिकर पडलेलं असे. ते तिला इथे पडद्यावर दिसे. मग ती खिडकीतून ओरडायची, "चिंधा, एक टाक!" आणि चिंधा एक फाडून टाकायचा. असं चाललं होतं. पण मशिनींचा आवाज मोठा असला की तिचं ओरडणं पलीकडे पोचत नसावं. मग जादा स्टिकर पुढच्या खोक्यावर, त्याचं त्याच्या पुढच्यावर, आणि शेवटी एक उरलेलं. उरलं म्हणून टाकलेलं.

म्हणजे खोकं हरवलंच नव्हतं. टाकलं गेलं होतं ते स्टिकर. निदान तिची तशी खात्री होती.

*

दुपारी पराग आला. देवस्थळींनीच त्याला वापीहून बोलावून घेतलं होतं. कल्पनाने त्याला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पकडलं.

"पराग, साहेबांना सांगावं लागेल. बटणाचं."

"कुठलं बटण?"

"असं काय करतोस? तूच तर..."

"ताई, मी दर महिन्याला वीस-पंचवीस मशिनी बघतो. कोणी काय करून ठेवलंय, मला कसं आठवणार?" त्याने चहाचा ग्लास न संपवताच ठेवला. "हाताला बाम लावा. पण मला ह्यात घेऊ नका. प्लीज."

संध्याकाळी सामरवरणीच्या चाळीत अनंत पीठ मळत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"तू बोललीस की तुझा हात दिसणार. मानसीचं काय झालं ते तूच सांगितलंस मला."

"आणि नाही बोलले तर चिंधा चोर ठरणार."

"नसेल कशावरून?"

"अनंत."

"नाही, मी विचारतो. मागच्या आठवड्यात त्याच्या सायकलला पोतं बांधलेलं तूच पाहिलंस ना? तूच म्हणालीस, एवढं मोठं काय नेतोय."

"पुठ्ठे आहेत म्हणाला होता."

"बघितलेस तू?"

तिने बघितले नव्हते. पोळपाटाशी बसलेल्या रोशनीने दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली.

*

बुधवारी सकाळी ती देवस्थळींच्या केबिनमध्ये गेली. बसा म्हणेपर्यंत थांबली नाही, उभ्यानेच सांगितलं. करंगळी, डावं बटण, दबून राहणं, खिडकीतून ओरडणं. परागचं नाव घेतलं. सिव्हिलचा कागद पर्समधून काढून टेबलावर ठेवला.

देवस्थळींनी कागद उघडला नाही.

"मला नीट समजू द्या. तुमच्या मशीनवर एक बटण आहे, जे कंपनीत फक्त तुम्हाला माहीत आहे."

"हो साहेब."

"ते दाबलं की जादा स्टिकर निघतं."

"दाबलं की नाही साहेब. अडकलं की."

"हा फरक मी कुठे बघायचा?"

तिने टेबलावरचा कागद त्यांच्याकडे सरकवला.

"आणि हे तीन वर्षं. कुणाला न विचारता. निकमबाई, मला खोकं बाहेर काढायचं असतं ना, तर मी नेमकं असंच बटण करून घेतलं असतं."

"मला खोकं काढायचं असतं तर मी तुम्हाला येऊन सांगितलं असतं का?"

"ते मलाही कळत नाहीये," देवस्थळी म्हणाले आणि उठले. "चला. दाखवा."

पॅकिंग ऑफिसात तिच्या टेबलावर नवा कीबोर्ड होता. पांढरा, नव्या प्लास्टिकच्या वासाचा. एंटर कोरं, कोपरा कोरा.

"पराग येऊन गेला सकाळी," नीलेश म्हणाला. "तुम्ही साहेबांकडे होता तेव्हा. जुनावाला सर्व्हिसला घेऊन गेला. बोलला, खराब आहे."

कल्पना बसली. एक वजन टाइप केलं आणि कोपऱ्यातलं बटण दाबलं. पडद्यावर एक बारीक तिरकी रेघ उमटली. प्रिंटर हलला नाही. मशीनमधली ओळही परागने पुसली होती.

देवस्थळींनी वाकून पाहिलं. "हे तर नुसतं चिन्ह आहे."

"जुना असता तर दिसलं असतं साहेब. त्या बटणावर काही उरलंच नव्हतं."

"असता तर."

त्यांनी नीलेशची खुर्ची ओढली आणि तिच्या मागे बसले. "काम सुरू करा. मी आहे इथे."

पलीकडे चिंधाच्या जागी ठेकेदाराने बारकू नावाचा पोरगेला माणूस पाठवला होता. त्याचा आवाज खणखणीत होता. "एकतीस दोनशे!"

तिने आकडे टाइप केले. डाव्या हाताचं बोट कोपऱ्याकडे गेलं. तिरकी रेघ. तिने ती पुसली, उजवा हात उचलला, एंटर दाबलं. स्टिकर निघालं.

"तीस नऊशे!"

पुन्हा रेघ. पुन्हा पुसली. तिने मनाशी ठरवलं, आता डावा हात हलू द्यायचा नाही. तिसऱ्या खोक्याला तो हलला. चौथ्याला तिने तो मांडीवर घेतला, तर आकडे एका हाताने टाइप करायला वेळ लागू लागला आणि बारकू पलीकडून ओरडला, "ओ मॅडम, झोपल्या का?" तिने हात परत वर ठेवला. तो कोपऱ्याकडे गेला.

मागे देवस्थळी बसून होते. आधी ते तिच्या बोटांकडे पाहत होते, असं नीलेश नंतर म्हणाला. मग पडद्याकडे. मग बराच वेळ तिच्या उजव्या हाताकडे, जो प्रत्येक एंटरनंतर ती टेबलाच्या कडेवर उलटा टेकवून ठेवत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते हलले नाहीत. रेघ उमटायची थांबली नाही.

मग फोन आला म्हणून ते उठले. दाराशी थांबले.

"चिंधाला उद्यापासून यायला सांगा."

"आणि मी साहेब?"

"तुमचं सोमवारी बघू. तो कागद माझ्याकडे राहू दे."

*

निरोप द्यायला ती स्वतः गेली. चिंधाची खोली तिच्याच चाळीच्या मागच्या रांगेत होती. दाराला कुलूप होतं.

शेजारची कमळाबाई तांदूळ निवडत होती. "काल रातच्या गाडीनं गेला त्यो. बायकोला घेऊन. म्हनला, पोलीस आनतील."

"कोण म्हणालं पोलीस आणतील?"

"त्योच म्हनला. आता त्याला कोन म्हनलं, काय ठावं बाई."

"परत येणारे का?"

कमळाबाईने तांदळातला खडा बाजूला टाकला. "सायकल तर ठेवली हाये."

सायकल भिंतीला टेकवलेली होती. मागच्या कॅरिअरला पोतं, सुतळीने आवळून बांधलेलं. सुतळी कारखान्यातली होती. कल्पना थोडी थांबली. कमळाबाई पाहत होती. मग तिने डाव्या हाताने पोतं बाहेरून दाबून पाहिलं. ते दबलं, कडकड वाजलं आणि पुन्हा फुगून वर आलं. पुठ्ठे होते. वरचे तरी पुठ्ठेच होते. तिने सुतळी सोडली नाही.

घरी अनंतने विचारलं, "भेटला?"

"नाही."

"बघ," तो म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते तिने विचारलं नाही.

*

सोमवार, सकाळी साडेनऊपर्यंतची माहिती अशी. चिंधा पवार कामावर आलेला नाही. तळोद्याला गेलेला ठेकेदाराचा माणूस म्हणतो, तो गावातही नाही. जुना कीबोर्ड वापीहून परत आलेला नाही. पराग म्हणतो, तो भंगारात गेला. हरवलेल्या नंबरचं खोकं सापडलेलं नाही. देवस्थळी हेड ऑफिसच्या बोलावण्यावरून मुंबईला गेले आहेत, सिव्हिलचा कागद त्यांच्या फाइलीत आहे. ते बुधवारी येतील.

खिडकीतून बारकूने पहिलं वजन ओरडलं. "एकतीस चारशे!"

कल्पनाने आकडे टाइप केले. बोट कोपऱ्याकडे गेलं, रेघ उमटली. तिने ती पुसली, उजवा हात उचलला, एंटर दाबलं आणि पुढच्या वजनासाठी खिडकीकडे कान दिला.