बिनमाशांची टाकी

बद्रीनाथ शेजूळनं वाळूजच्या कंपनीत बावीस वर्षं लोकांना येडं बनवलं. एकदा शिफ्टच्या बसमध्ये त्यानं सांगून दिलं, उद्या मालकाच्या पोराच्या साखरपुड्याचं जेवण हाय, पण ताट ज्याचं त्यानं आणायचं. दुसऱ्या दिवशी गेटवर चाळीस माणसं ताट-वाटी घेऊन हजर! वॉचमननंसुद्धा डबा सोडून ताट आणलेलं. आणि या सगळ्यात तोंड सरळ ठेवून "व्हय, मीबी ऐकलं" म्हणणारा एकच गडी, गोकुळ. बसमध्ये दोघांची सीट एक, डब्यातली भाजी अर्धी-अर्धी, कारस्थान पुरं दोघांचं. नियम फक्त एक होता. एकमेकांच्या उंबऱ्याच्या आत मस्करी न्यायची नाय.

असा हा बद्री आता गारखेड्यातल्या आपल्या घरी रिकाम्या टाकीसमोर स्टूल टाकून बसायचा. दोन फुटांची काचेची टाकी. तळाला वाळू, फिल्टर बुडबुडतंय, वर दिवा लागलेला, आणि आत मासा एक नाय.

शेजारच्या केसरबाई दारातून डोकावायच्या. "काय रे बद्री, मला मासे दिसत नायत. मोतीबिंदू वाढला का काय माझा?"

"मासे अजून यायचेत, मावशी. पाणी तयार करतोय."

"पाणी काय तयार करायचं? नळाला येतं की."

"आठ दिवसांतून एकदा येतं ते! अन् आलं तरी माशाला चालत नाय. आधी दोन दिवस ड्रमात ठेवून औषध उडू द्यायचं, मग टाकीत."

केसरबाईंना वाटलं, यात काहीतरी डाव हाय. बद्रीचं खरं कुणालाच पटायचं नाय, ही त्याची कमाई.

पण या वेळी तो खरंच बोलत होता. मागच्या दिवाळीत त्यानं टाकी अन् चार गोल्डफिश एकाच दिवशी आणले, नळाचं पाणी ओतलं, मासे सोडले. पाचव्या दिवशी चारही वर तरंगत होते. अकरा वर्षांची प्रेरणा टाकीपुढं उभी राहून हसायला लागली. म्हणाली, "पप्पा, बस झाली गंमत, उठवा त्यांना." तिला वाटलं, बापानं रबराचे मासे टाकलेत. ते खरे हायेत हे कळलं तेव्हा ती रडली नाय. त्या दिवसापासून बापाच्या विनोदावर हसायची मात्र थांबली. बद्रीनं दोनशे माणसं हसवली असती, पण त्या एका पोरीपुढं त्याची डाळ शिजेना.

म्हणून तो औरंगपुऱ्यातल्या माशांच्या दुकानात गेला. दुकानदार श्रीनिवासभाऊनं त्याला नीट समजावलं. मासे घाण करतात, घाणीचं विष होतं. ते विष खाणारे बारीक जंतू आधी फिल्टरच्या स्पंजात वसवायचे. त्यासाठी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजू द्यायचं, अन् वाट बघायची. "महिना लागतो," श्रीनिवासभाऊ म्हणाले, अन् टेस्टच्या दोन बारक्या बाटल्या दिल्या. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन्हीतले थेंब टाकायचे. हिरवं झालं तर विष हाय. पिवळं झालं तर मासे आणा.

रोज संध्याकाळी प्रेरणा लांबून बघायची. हिरवं. हिरवं. गडद हिरवं. पण रोज एक पाऊल जवळ यायची ती.

हे सगळं बद्रीनं बसमध्ये एकट्या गोकुळला सांगितलं. पोरीचं ते "उठवा त्यांना"सुद्धा. गोकुळनं पाठीवर हात ठेवला. "होईल रे. मी येतो एकदा बघायला."

बाराव्या दिवशी आला, चहा घेतला, टाकीची तारीफ करून गेला.

तेराव्या दिवशी नळी पिवळीधमक!

बद्री नाचलाच. चौदाव्या दिवशी पिवळी, पंधराव्या दिवशी पिवळी. प्रेरणा आता नळी स्वतः धरायला लागली. रविवारी सकाळी शेवटची टेस्ट करताना थेंब बद्रीच्या पांढऱ्या बनियनवर सांडला. बनियन बदलून बाप-लेक औरंगपुऱ्यात गेले. श्रीनिवासभाऊंनी भुवया चढवल्या. "इतक्या लवकर?" "आमचं पाणीच चलाख हाय, भाऊ!" बद्री म्हणाला, अन् पाठीमागं प्रेरणा खुदकन हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

घरी आले तर गोकुळ भज्यांचा पुडा घेऊन सोफ्यावर बसलेला. "म्हटलं मुहूर्त चुकवायचा नाय."

बद्रीनं गप्पी माशांची पिशवी बंदच टाकीत तरंगत सोडली. आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार व्हायला पंधरा मिनिटं लागतात. गोकुळनं मोबाईल काढून शूटिंग धरलं. मागच्या अंगणात त्या दिवशी नळ आला होता, बायकोचं, सुरेखाचं, धुणं चाललं होतं.

दहा मिनिटं झाली असतील. सुरेखा ओलं बनियन घेऊन आत आली.

"अहो, हळद कुठून सांडली तुम्ही? पिवळा डाग होता, साबण लावला तर लालभडक झाला."

"हळद कुठली? ते टेस्टचं औषध हाय."

"वीस वर्षं तुमचे वरणाचे डाग काढतेय मी. साबणानं लाल होते ती हळदच."

बद्रीनं बाटलीचं झाकण काढलं, वास घेतला. स्पिरिट, अन् त्याखाली स्वयंपाकघर. दुसरीत नुसतं पाणी. गोकुळ चहा पिऊन गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नळी पिवळी झाली होती. त्यानं गोकुळकडं बघितलं. गोकुळचा डावा गाल किंचित थरथरत होता. हसू दाबताना तो गाल असाच थरथरतो, हे जगात एकट्या बद्रीला माहीत होतं. तोंड सरळ कसं ठेवायचं, ते बद्रीनंच तर शिकवलं होतं त्याला.

"मोबाईल बंद कर," बद्री म्हणाला.

"अरे मस्करी होती यार! बसमध्ये पैज लागली. तुझे मासे किती दिवस टिकतात. ज्यानं त्यानं आपला वार सांगितला. अन् मासेच हायेत, माणसं थोडीच."

"सगळी बस?"

"आता सगळी म्हणजे..."

"तू कुठला वार सांगितला?"

गोकुळ भज्यांच्या पुड्याकडं बघत हळूच म्हणाला, "मंगळवार."

परवाचा. सगळ्यात लवकरचा.

प्रेरणा मधे उभी. "पप्पा, ही पण गंमतच का?"

"गंमतच. पण माझी नाय." बद्री तिच्यापुढं खाली बसला. "पाणी अजून विषारी हाय, बेटा. मला फसवलं अन् मी फसलो. आत्ता सोडले तर मरतील."

पोरीनं बापाच्या तोंडाकडं लई वेळ बघितलं. मग बाही वर करून पिशवी टाकीतून उचलली. "मग चला. दुकान बंद व्हायच्या आत परत देऊ. पिशवीत जीव गुदमरंल त्यांचा."

गोकुळ उठला. "बद्री, ऐक तरी..."

"भजे घेऊन जा," सुरेखा म्हणाली.

दुकानात बरोबर नेलेलं टाकीचं पाणी नव्या बाटल्यांनी तपासलं. गडद हिरवं.

सोमवारी बद्री बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. डबा एकट्यानं खाल्ला. सगळी बस दम धरून होती, आता बद्री काय डाव टाकणार! गोकुळ तर डबा हुंगूनच उघडायचा, हेल्मेट झटकून घालायचा. आठवडा गेला, दुसरा गेला. बद्रीनं काहीच केलं नाय. बोललाही नाय.

छत्तिसाव्या दिवशी नळी पिवळी झाली. प्रेरणानं दोनदा तपासली, थेंब बनियनवर मुद्दाम टाकून साबण लावून बघितला, तेव्हा कुठं मासे आणू दिले. सहा गप्पी हायेत. मंगळवार आला अन् गेला, त्यानंतरचेही कितीतरी गेले.

गोकुळ अजून शिफ्ट सुटली की बूट उलटे करून झटकतो. त्यातनं काहीच पडत नाय.