ताटली रिकामी जात नाही

मी ताटली बोलतेय. हो, तीच, काठावर निळी वेल असलेली. टवक्याकडे बघू नका, तुर्कस्तानातल्या कुताह्या गावच्या भट्टीतून निघाले तेव्हा मीही देखणी होते. मुझेय्येन मावशींच्या रुखवतात आम्ही सहा जणी एर्झुरूमला आलो. आता मी एकटीच उरलेय. बाकीच्या सगळ्या घरातल्या घरात फुटल्या. मी मात्र जन्मभर जिने चढले-उतरले.

माझं काम शेजाराचं. मावशींनी काही चांगलंचुंगलं केलं की पहिला वाटा माझ्यावर पडायचा आणि मी कुणाच्या तरी दारात जायची. परत येताना माझ्यावर त्या घरचं काहीतरी असायचं. अगदीच काही नसलं तर मूठभर अक्रोड. आमच्याकडे ताटली रिकामी परत जात नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, म्हणून तर घोटाळा झाला.

वरच्या मजल्यावर राहिनातू राहायला आली. घानाची मुलगी, गुरांची डॉक्टर व्हायला आलेली. पहिलं बर्फ पडलं तेव्हा अंगणात जाऊन नाचली. पुढे तेच बर्फ बघून तिचा चेहरा उतरायला लागला. मावशींनी कोबीच्या पानात भात गुंडाळून सारमा केल्या आणि मला वर धाडलं. पोरीनं बोटं चाटून खाल्ल्या. मग मला घासूनपुसून खाली आणून दिलं. रिकामी!

समोरच्या नेझाहतबाई तिथंच चहा पीत होत्या. दार लागायचा अवकाश, त्यांनी दातांत धरलेला साखरेचा खडा गालात सरकवला. "घ्या! हिला शेजार नकोय म्हणायचं."

"अगं, परमुलखातलं लेकरू. तिला काय ठाऊक?"

"खायचं बरं ठाऊक आहे!"

मावशींनी त्यांच्या पेल्यात आणखी चहा ओतला. पण मला फडताळात ठेवताना त्यांचा चेहरा पडला होता, खोटं कशाला बोलू?

थोड्या दिवसांनी त्यांनी मला पुन्हा वर पाठवलं, गव्हाची खीर घेऊन. तेव्हा राहिनातूकडे तिच्या वर्गातली गुलसेरेन आली होती. मागच्या खेपेचं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "मागची ताटली रिकामी दिलीस? अगं वेडे, रिकामी?"

राहिनातू शरमेनं अर्धी झाली. म्हणाली, "आता माझ्या घरचंच काहीतरी देईन. दुकानातली मिठाई नाही." आणि तिथंच मी अडकले.

तिनं आईला फोन केला. चवळीचे वडे ठरले. चवळी मिळाली, पण मिरची ती नव्हे, तेल ते नव्हे. एकदा वडे करपले, एकदा तेलात विरघळले. एकदा चांगले झाले, निदान मला तरी वाटलं. तिनं एक चाखला आणि ओट्यापाशीच हुंदके देऊ लागली. बाई गं, तुझ्या आईचा हात इथं कुठून आणायचा?

सगळा हिवाळा मी तिच्या टेबलावर काढला. माझ्यावर कांद्याची सालं, पेनं, सर्दीच्या गोळ्या. खालून मावशींच्या सपातांचा आवाज आला की माझा जीव कासावीस व्हायचा. ती फोनवर आईचा आवाज ऐकत बसायची, मी जमिनीतून मावशींचा. दोघींची गत एकच.

मावशींनी मला कधी मागितलं नाही. जिन्यात गाठ पडली की "मफलर कुठाय तुझा?" म्हणून रागवायच्या, पण ताटलीचं नाव नाही. पोर मात्र मान खाली घालून निसटायची.

एक दिवस ती गुलसेरेनला म्हणाली, "मला नाही जमत इथं. शनिवारी घरी चाललेय, कायमची. फक्त ताटली द्यायची राहिलीय."

बॅग भरून झाली, वडे तळून झाले. चवीचा नाद तिनं सोडला होता. मला घेऊन ती खाली आली. मावशींनी दारातच एक वडा तोंडात टाकला.

"आई गं! वडा आहे की निखारा?" नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरा उचलला. "मीठ कमी पडलंय. पुढच्या वेळी कांदा बारीक चीर."

"पुढच्या वेळी नाही, मावशी. मी शनिवारी चाललेय. परत नाही येणार."

मावशींनी वडे काढून घेतले, मला धुतलं, फडताळ उघडलं. माझी जागा तशीच मोकळी होती. मी इतकी सुखावले म्हणून सांगू! पण मावशी थबकल्या. त्यांनी मला चुलीकडे नेलं, पातेल्यातल्या गरम सारमा माझ्यावर रचल्या आणि मला पोरीच्या हातात दिलं.

"मावशी, मी जाणार आहे."

"ऐकलं. बहिरी नाहीये मी. आधी ताटली आणून दे, मग जा. रिकामी आणलीस तर दार उघडायची नाही."

"अहो, मग मी जायचं कधी?"

"ते तुझं तू बघ," म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मिरचीचं निमित्त होतंच.

शनिवार आला आणि गेला. बॅग अजून दाराशी उभी आहे, भरलेलीच. आज सकाळी पोरीनं पुन्हा चवळी भिजत घातलीय. या वेळी वडे मनासारखे झाले तर ती मला खाली पोचवेल आणि मोकळी होईल.

पोरी, मला घरी जायचंय. फार जायचंय. पण तू घाई करू नकोस.