सात खड्यांचा खिसा

मी एक कापडी पुस्तक बोलतोय. कागदाचा कपटासुद्धा माझ्यात नाही. ब्लाऊजांच्या चिंध्या, परकराचं अस्तर, बटणं, एक चेन आणि जुन्या केरळी मुंडूचा, म्हणजे लुंगीसारख्या धोतराचा, जरीकाठ, एवढ्यावर माझी पाच पानं उभी आहेत. मला शिवलं विलासिनी चेच्चीनं; चेच्ची म्हणजे ताई. कुणाच्या घरी आज कुठला मासा आला, हे तिला मशीनवर बसल्या बसल्या कळतं. तिच्या हातचा म्हणूनच असेल, लोकांच्या घरात डोकावायची खोड मलाही आहे.

शेजारच्या प्रसीताची मालू साडेचार वर्षांची. बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच फतकल मारून बसायचं. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, तिच्याशी खेळा. प्रसीताला वेळ नव्हता, आणि धीर तर त्याहून नव्हता. नवरा सजीवन आखातात. फोनवर मालू "अ... अ..." करत राहायची आणि तिकडे त्याची जेवणाची सुट्टी संपायची.

"बोटं हलली की जीभ हलेल," चेच्ची म्हणाली आणि मला शिवायला बसली. कोंबडीचा पंख उचलला की खाली तीन पिल्लं. फणसाची चेन उघडली की आत पिवळे गरे. तळ्यातल्या पानाखाली बेडूक. दोरी ओढली की खंड्या पाण्यात सूर मारतो.

आणि पाचव्या पानावर चतुर.

इथली पोरं चतुराला शेपटीशी धरून खड्यावर टेकवतात. तो बिचारा पायांनी खडा कवटाळून उचलतो. मग त्याहून मोठा, मग त्याहूनही मोठा. हा खेळ कुणी खेळला नाही असं घर नाही. चेच्चीही खेळली होती. "माझ्या चतुराचे पाय तुटून खड्यालाच राहिले गं," सुईत दोरा ओवताना ती मालूच्या आईला म्हणाली होती. म्हणून माझ्या चतुराच्या पायांना तिनं तीन कापडी दगड बटणांनी लावले. दगड काढायचे, की ताणलेली रबरी दोरी आखडते आणि चतुर वरच्या कोपऱ्यात उडून जातो. काढलेले दगड ठेवायला शेजारी एक खिसा.

त्या खिशानं घात केला.

पहिला आठवडा मी सुखात होतो. मालू मला घेऊन पायरीवर बसायची. एके दिवशी पंख उचलून म्हणाली, "को... कोंबडी." जास्वंदीच्या कुंपणाआडून चेच्चीनं ते ऐकलं आणि तिथंच डोळे पुसले. मग घरात जाऊन केळ्याच्या वेफर्सचा डबाच घेऊन आली.

मग सजीवनच्या बहिणीनं, शोभनानं, व्हिडिओ पाठवला. तिची देवना मालूच्याच वयाची. चाळीस पक्ष्यांची नावं एका दमात. खाली शोभनानं लिहिलं होतं, "आमची काय, पोपटच आहे! मालू कशी आहे?"

ओणमच्या सणाला सगळे इथंच जमणार होते. सजीवनही दोन वर्षांनी येणार होता. प्रसीतानं मला उचललं.

"हे काय?"

"बे... बे..."

"बे एके बे नको. नीट."

मालूनं बेडकावर पान परत ओढलं. प्रसीतानं अंगणातला एक खडा माझ्या खिशात टाकला, मालूचे दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले आणि तळव्यांवर मला ठेवलं. "चुकलीस. आता धर."

पुढचं चुकलं. "चुकलीस. अजून एक."

प्रसीता सगळ्यांना अभिमानानं सांगायची, "मी पोरीला बोट लावत नाही." खरंच लावलं नाही. जे काही वजन होतं ते माझंच होतं. मालूचे कोपर थरथरायचे ते मला माझ्या पाठीला कळायचं. मी चिंध्यांचा, मला हलकं होता येत नव्हतं.

चेच्चीनं चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी कुंपणाशी उभी राहिली.

"प्रसीते, ते पान दगड काढायचं आहे गं, घालायचं नाही."

"चेच्ची, माझ्या ब्लाऊजची बाही तिरकी शिवलीत ती आधी बघा. पोर माझी मी बघते."

"चार वर्षांची आहे ती."

"देवनाही चारचीच आहे."

चेच्ची माघारी फिरली. मशीन मात्र कितीतरी वेळ चाललं नाही.

ओणम आला. अंगणात फुलांची रांगोळी, पानावर जेवण, वर दोन तऱ्हांचं पायसम, म्हणजे खीर. मंडळी ओसरीवर सुस्तावली तेव्हा शोभना म्हणाली, "काय गं प्रसीता, तुझी काही शिकलीय का, की अजून इंजिन सुरूच होतंय?"

सजीवन हसला. घरचीच थट्टा, हसायचं असतं.

मालूला मध्ये उभं केलं. कोंबडी झाली. फणस झाला, अर्धा. बेडकाशी मालू अडली. खंड्याला देवनाच मागून ओरडली, "खंड्या! खंड्या!" पाचवं पान उघडलं.

"च... च... च..."

"चहा मागतेय का?" शोभना म्हणाली. ओसरी खदखदून हसली. प्रसीताचा चेहरा पांढरा पडला.

मालूनं आईकडे पाहिलं. मग कुणी न सांगता पायरी उतरली, खडे वेचले आणि माझ्या खिशात टाकले. एक, दोन, तीन... सात. मला तळव्यांवर घेतलं आणि हात समोर ताठ केले.

माझ्या मनात आलं, आता तरी कुणी विचारेल, हे हिला कुणी शिकवलं?

सजीवननं फोन काढला. "अरे वा! ताकद बघा पोरीची! धर, धर, अजून धर!" टाळ्या पडल्या. देवनानं करून पाहिलं, तिला पाचही पेलले नाहीत. शोभनाचं तोंड उतरलं. प्रसीतानं तेव्हा पहिल्यांदा मालूला जवळ घेऊन मुका दिला.

त्यानंतर आल्यागेल्यापुढे तेच चालायचं. कोंबडीचा पंख कुणी उचलेनासं झालं.

सजीवन परत गेला तेव्हा चेच्ची आली. "जरीकाठ सुटलाय, टाका घालून देते," म्हणून मला घेऊन गेली. काठ धड होता. तिनं कात्री घेतली आणि खिशाची शिवण उसवली. सातही खडे फरशीवर सांडले. मला वाटलं, सुटलो. दोघंही सुटलो.

एवढ्यात दारात मालू. चिमटीत एक जिवंत चतुर, शेपटीशी धरलेला.

"सोड गं राणी त्याला," चेच्ची म्हणाली. "दुखतंय त्याला."

मालू खाली बसली. माझ्या खड्यांतला एक उचलून तिनं चतुराच्या पायांशी धरला. त्यानं कवटाळला, उचलला. पाडला.

"चुकलास," मालू म्हणाली. "अजून एक."

एकही अक्षर अडलं नाही. विलासिनी चेच्ची वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहत होती, ते हे.

मी आता मशीनखाली पडून आहे. खिसा माझ्यापासून वेगळा झालाय. माझा चतुर वरच्या कोपऱ्यात एका धाग्यावर लोंबकळतोय. मालू रोज दारात येऊन विचारते, "चेच्ची, माझा खिसा शिवला?" अगदी सुरेख, स्वच्छ बोलते.

चेच्ची, सुई हातात घेऊ नकोस गं. माझ्या पाचही पानांच्या चिंध्या केल्यास तरी चालतील.