कोंडाजी भगताचं बोळकं

अरे, कडावच्या देवळापुढं त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बेचाळीसचा उन्हाळा, पंधरा दिवसांत चार म्हशी मेलेल्या, आणि चेटूक करून त्यांना खाणारी भुताळी कोण, ते आता देवीच सांगणार होती.

पाटावर एक मातीचं बोळकं, तोंडाला पान बांधलेलं. बाईनं पुढं यायचं, कोंडाजी भगत तिच्या कानात मंत्र फुंकणार, मग तिनं ते उचलून त्याला द्यायचं. भुताळीचा हात म्हणे देवी मधेच धरते.

बाया चटाचट उचलत होत्या. जयवंतानंही उचललं. मग तिची जाऊ आली, सोनुबाई. दोघीही विधवा, एकाच घरात राहणाऱ्या. सोनुबाईनं मागच्या साली भगताला दारातून हाकललं होतं. तिचा हात निघाला नि बोळक्याजवळ असा मंदावला, जसं कुणी मनगट धरलंय.

"धरला गं माझ्या मायनं," भगत घुमायला लागला. पाटलांनी लगेच फर्मावलं, हिनं गाव सोडायचं.

जयवंता घुसली पुढं, जावेला विचारलं, कानात काय म्हणाला?

"काठोकाठ तेल हाय, थेंब सांडला तर गाव जळंल."

जयवंताला तर तो म्हणाला होता, रिकामं हाय, उचल. आणि रिकामंच होतं की! जयवंता रोज कर्जतला दूध घालणारी. भरल्या चरवीला हात दबकत जातो, रिकामीला झपकन, हे तिला कुणी शिकवायला नको.

पळत जाऊन तिनं घरची चरवी आणली, झाकण लावलेली. पाटलांना म्हणाली, रिकामी हाय, उचला. त्यांनी झटक्यात उचलली. ती चरवी घेऊन देवळामागं गेली, परत आली, त्यांच्या कानात कुजबुजली, आता काठोकाठ दूध हाय, सांडू नका. पाटलांचा हात निघाला, मंदावला, अगदी तस्साच. तिनं चरवी उलटी केली. थेंब नाही.

पाटलांना कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण भगतच आधी बोलला.

"बघा, हिनं पाटलाचा बी हात बांधला. दोघी भुताळ्या."

लोक मागं सरकले. पाटलांनी धोतराला हात पुसला, खाली बघत म्हणाले, "दोघी जा."

जयवंता भांडायला उठली, तर सोनुबाईनंच तिला ओढलं. "नको गं. हात अडला ना माझा? असंल काय तरी माझ्यात."

गेल्या दोघी. म्हशी मरतच राहिल्या, कारण रोग होता, आणि गुरांच्या डॉक्टराला कुणी बोलावलंच नाही.

गड्यांनो, धडधाकट माणसाचा हातसुद्धा पुढं काय आहे ते ऐकून चालतो. कुणाचा अडलेला दिसला, तर त्या माणसाकडं बोट दाखवू नका. त्याला काय सांगून पुढं धाडलं, एवढं तरी विचारा.