तुंगाचा चीक

माझ्या नवऱ्यानं उभा जन्म पशुवैद्यकीय कॉलेजात गाईचं शरीर शिकवलं आणि गाईला काही हात लावला नाही. फळ्यावरच्या गाईला मात्र खूप लावला. तिचं हृदय काढायचे, त्याचे चार कप्पे, आत जाणारं रक्त निळ्या खडूनं, बाहेर पडणारं लाल खडूनं, मज्जातंतू पिवळे, स्नायू गुलाबी. घरी यायचे तेव्हा शर्टाच्या बाह्यांवर सगळी गाय उतरलेली असायची आणि ती धुऊन काढायला मी होतेच. परीक्षा पास झालेली पोरं खेड्यापाड्यांत जाऊन जनावरं बरी करायची, आणि त्यांचे सर घरी बाजारातून आणलेल्या दुधाची पिशवी फोडतानाही अर्धं दूध ओट्यावर सांडायचे.

निवृत्तीनंतर आम्ही निपाणी सोडली आणि बेंगळुरूला, महादेवपुऱ्यात मुलाकडे आलो. तेव्हापासून मला नाक मुरडायला निपाणीपेक्षा पुष्कळ जास्त माणसं आहेत. आमच्या संकुलातली मंडळी दिवसभर खुर्चीत बसतात आणि संध्याकाळी जिममध्ये पट्ट्यावर चढून जागच्या जागी चालतात. मनगटावरचं घड्याळ त्यांना हृदयाचे ठोके सांगतं, नाहीतर बहुधा त्यांना शंका येत असावी. माझी सून मनस्विनी पुण्याची. मराठीच बोलते, म्हणजे वाक्यातलं क्रियापद तेवढं मराठीत असतं. तिनं संकुलातल्या मराठी लोकांचा एक ग्रुप काढलाय, त्याचं नाव ‘अस्सल चीक’. दुधाच्या पावडरीचा खरवस ह्या लोकांच्या गळ्याखाली उतरत नाही. गाय व्याली की पहिल्या दिवसाचा चीकच हवा, केशर-जायफळ घालून.

गाय आमच्या भिंतीपलीकडे होती. मागच्या रिकाम्या प्लॉटवर चंपानं पत्र्याचा गोठा घातलाय. चंपा आमच्याच सीमाभागातली, अथणीकडची. नवरा टेम्पो चालवतो आणि ही तीन संकरित गाई सांभाळते. कामाला वाघीण आहे, पण कुणालाही नाही म्हणता येत नाही, आणि अशा बाईचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही. तिची तुंगा काल पहाटे व्याली. कालवड झाली. सकाळी सगळ्यांचे स्टीलचे डबे भिंतीवर रांगेनं हजर झाले आणि चंपानं शेवटच्या धारेपर्यंत कास मोकळी करून ते भरले. संध्याकाळी आमच्या घरी खरवस झाला. मला जायफळ जास्त वाटलं.

आज सकाळी चहाच्या वेळी मनस्विनीनं फोन पुढे केला. "आई, बघा ना किती क्यूट." गोठ्यातला फोटो होता. तुंगा बसलेली, मान वळवून तोंड स्वतःच्याच कुशीवर टेकवलेलं. खाली मनस्विनीनं लिहिलं होतं, ‘दमलेली आई’. त्यावर वीस-पंचवीस जणांनी बदाम टाकले होते.

आमच्या ह्यांनी चष्मा लावला, फोटो पाहिला आणि कप खाली ठेवला. "ही झोपलेली नाही," ते म्हणाले.

"तुमचा चहा निवतोय," मी म्हटलं.

ते गप्प बसले. हे असं गप्प बसणं मी आयुष्यभर पाहत आले आहे. माणूस फळ्यासमोर तासभर बोलायचा आणि घरात माझ्या एका वाक्यावर मिटायचा. मला ह्या मिटण्याचीच चीड येते.

तेवढ्यात बेल वाजली. दारात चंपा होती, धापा टाकत. "अक्का, तुंगा उठंना झालीय. काल गुमान होती, आज पायच उचलंना. संग्राम डॉक्टरांना फोन केला तर ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला अडकलेत, दुपार होईल म्हणतात. मी सगळं सांगितलं तर म्हणाले, ही दुपारपर्यंत टिकायची नाही. म्हणाले, मागच्या बिल्डिंगीत आमचे हणमंतराव सर राहतात, त्यांना घेऊन जा. कॅल्शियमची बाटली नि नळी मागंच देऊन ठेवलीय त्यांनी."

ह्यांचा चेहरा उतरला. "मी फक्त शिकवायचो," ते म्हणाले.

"डॉक्टर तेच म्हणाले. सरांनीच शिकवलंय म्हणाले."

मला हसू आलं, आणि मी ते दाबलं नाही. पण हे उठले. कपाटातून वर्गात दाखवायचा जुना स्टेथोस्कोप काढला आणि पायजम्यावरच निघाले. मी मागोमाग गेले. खरं सांगायचं तर फजिती बघायला गेले.

गोठ्यात संकुलातली बरीच मंडळी आधीच जमली होती. वेदांत नावाचा एक नागपूरचा मुलगा पुढे होता. रोज सायकलवरून कुठेही न जाता घाम गाळून येणारा हा इसम. त्याच्या हातात त्याचं कसलंसं निळं पेय होतं. "काकू, ॲक्च्युअली हे डिहायड्रेशन आहे," तो मला म्हणाला. "दोन बाटल्या पाजल्या की उठेल." आणि त्यानं तुंगाचा जबडा धरलासुद्धा.

"तोंडात काही घालू नका," हे म्हणाले. "तिला गिळता येत नाहीये. फुप्फुसात जाईल आणि ती मरेल."

आवाज मोठा नव्हता, पण वेदांतनं हात काढला. हे गुडघ्यांवर बसले, शेणातच. तुंगाचे कान चाचपले. मलाही हात लावायला लावला. कान गार होते, जिवंत जनावराचे कान इतके गार पडू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. पोट फुगायला लागलं होतं. रात्रीपासून शेण टाकलं नाही, असं चंपा म्हणाली.

"हिला झालंय काय?" मनस्विनीनं विचारलं. फोन तिच्या हातात होता, पण खाली धरलेला.

"रक्तातलं कॅल्शियम संपलंय," हे म्हणाले. बोलताना ते बाटली चंपानं आणलेल्या कोमट पाण्यात धरून बसले होते. "चिकात ते भरपूर असतं. कासेला ते रक्तातूनच घ्यावं लागतं. हाडांत साठा आहे, पण तो सुटायला वेळ लागतो. थोडा थोडा चीक काढला असता तर निभलं असतं. काल एकदम सगळा काढला. आता मेंदू पायांना ऊठ म्हणतो, मज्जातंतू तो निरोप पोचवतात, पण कॅल्शियमशिवाय स्नायू आवळतच नाही. पाय म्हणजे स्नायू. आतडं म्हणजे स्नायू, म्हणून शेण थांबलं. हृदयही स्नायूच आहे."

पंचवीस बदाम टाकणाऱ्यांपैकी निम्मे तिथे उभे होते आणि प्रत्येकाच्या पोटात कालचा खरवस होता. माझ्याही होता. मला त्या सगळ्यांचा मनापासून तिटकारा आला.

मग सुई. मानेच्या खोबणीत अंगठा दाबला की मोठी शीर फुगून वर येते. ती ह्यांनी फळ्यावर हजार वेळा काढली असेल. पहिल्यांदा सुई टोचली, रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा टोचली, तुंगानं नुसती कातडी थरथरवली. कुणीतरी मागे खुसखुसलं आणि मला वाटलं, झालं, आता हा माणूस उठणार, चष्मा पुसणार आणि संग्रामची वाट बघू म्हणणार. मी तसं बोलणारच होते. ते उठले नाहीत. अंगठा आणखी खाली सरकवला आणि तिसऱ्यांदा टोचलं. नळीत काळपट रक्ताचा थेंब आला.

"बाटली धर," ते मला म्हणाले. मी जवळ होते म्हणून, दुसरं काही कारण नाही. "वर धरलीस तर जोरात जाईल, खाली घेतलीस तर हळू. मी सांगेन तसं."

मी बाटली धरली. त्यांनी स्टेथोस्कोप तुंगाच्या पुढच्या डाव्या पायामागे, कोपरापाशी लावला आणि डोळे मिटले. माझा हात भरून आला, खांदा दुखायला लागला. चंपा कालवडीला पोटाशी धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. तिच्या तीन गाईंतली हीच दुभती, बाकीच्या दोघी आटलेल्या. टेम्पोच्या हप्त्यांपासून पोरांच्या जेवणापर्यंत सगळं ह्या जनावराच्या कासेवर चाललं होतं, हे तिनं न सांगता कळत होतं.

बाटली अर्धी झाली तेव्हा ते म्हणाले, "खाली."

"अहो, एवढी राहिलीय, एकदाची संपू द्या की."

"खाली घे, नीलिमा."

नाव घेऊन त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. मी हात एकदम गुडघ्यापर्यंत आणला. नळीतलं औषध थबकलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. खूप वेळानं त्यांनी श्वास सोडला.

"ठोके चुकायला लागले होते," ते म्हणाले. "ज्यानं हृदय चालतं, तेच भसकन गेलं तर हृदय आवळलेलंच राहतं. सुटत नाही. आता घे वर. थोडी."

मी सांगितली तेवढीच वर घेतली.

बाटली संपत आली तेव्हा तुंगाच्या मांडीवरची कातडी थरथरायला लागली. मग कुशीची. मग तिनं एक लांबलचक ढेकर दिली, आणि वेदांत दोन पावलं मागे सरला. नाकपुडीवर ओल आली. मान सरळ झाली. चंपानं तिच्या पाठीवर थाप मारली तशी तिनं आधी मागचे पाय उचलले, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर तशीच राहिली, आणि मग उभी राहिली. उभ्या उभ्या शेण टाकलं. चंपा तोंडावर पदर घेऊन रडायला लागली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेदांतनं सगळं चित्रित केलं होतं, म्हणे. आणि मग, देवाशप्पथ सांगते, ह्याच लोकांचे डोळे भिंतीकडे गेले. तिथे आजच्या डब्यांची रांग होती.

"चंपा, मग आजचा चीक?" कुणीतरी विचारलंच.

चंपानं डोळे पुसले आणि बादली उचलली. "काढते की. कास बघा कशी तटतटलीय. नाही काढला तर कास दगड होईल, सूज येईल. माझ्या सासूनं सांगितलंय, कास भरली ठेवायची नाही."

"आज धार काढायची नाही," हे म्हणाले. ते नळी गुंडाळत होते. "कालवडीला पिऊ दे तेवढंच. उद्या थोडी काढ, परवा आणखी थोडी. आज कास रिकामी केलीस तर ही दुपारीच पुन्हा बसेल. दुसऱ्यांदा उठेलच असं नाही."

"काका, सॉरी, पण कास फुटली तर?" वेदांत म्हणाला. मग तो माझ्याकडे वळून हसला. "काकू, तुम्हीच तर वॉकला सांगता ना, काकांना फक्त खडूची गाय कळते म्हणून."

दोघंतिघं हसले. वाईट मनानं नव्हे. हा विनोद संकुलात जुनाच होता. मनस्विनी जमिनीकडे बघायला लागली, त्यावरून तिनंही तो कुठे कुठे सांगितला असणार हे समजलं. आणि चंपा हळूच म्हणाली, "अक्का, दूध घ्यायला आला होता तेव्हा मलाबी तुम्ही म्हणाला होता, ह्यांचं मनावर घेऊ नको म्हणून."

म्हटलं होतं. वैरणीबद्दल हे काहीतरी तिला सांगत होते, आणि मला घरी जायची घाई होती.

बाकी जगाला मी नावं ठेवते ती माझी मला आवडतात. पण ह्या वेळी मला लाज वाटली, कानांपर्यंत गरम करणारी लाज. ह्या माणसानं आत्ता सगळ्यांदेखत मेलेलं जनावर उभं केलं, तरी त्याच्या शब्दाला इथे किंमत नव्हती, आणि ती मी घालवली होती, रोज थोडी थोडी करून. हे नळी गुंडाळतच राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना त्यात नवीन काहीच नसावं. ते पुन्हा मिटत होते.

चंपा बादली घेऊन तुंगाच्या कासेपाशी बसली. सडाला हात लावला आणि थांबली. "अक्का, खरं सांगा," ती म्हणाली. "माझं घर चालतंय हिच्यावर. ह्यांना कळतंय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी आणखी एखादा विनोद करीन अशा अपेक्षेनं वेदांतचा चेहरा तयारही झाला होता.

"इथं कळतंय ते फक्त ह्यांनाच," मी म्हटलं. "ह्या लोकांना काही कळत नाही. मलाही कळत नाही. मी बोलत होते ते सगळं चुकीचं होतं."

बोलताना माझा आवाज मला चांगला मोठा ऐकू आला. मग मी भिंतीवरचे डबे एकेक करून ज्याच्या त्याच्या हातात दिले, पहिला मनस्विनीचा.

चंपानं सडावरचा हात काढला, कालवडीला सोडलं आणि बादली जमिनीवर पालथी घातली. हे त्या बादलीवर बसले आणि तुंगाच्या कोपरामागे पुन्हा स्टेथोस्कोप लावला.