डॉक्टरांच्या दाढेचं माप

सेलूच्या बसस्टँडजवळ डॉक्टर धनंजय यांचा दातांचा दवाखाना होता. हाताला गुण होता, पण नव्या मशीनचं नाव काढलं की डॉक्टरांचं तोंड वाकडं व्हायचं. दाताचं माप घ्यायला ते अजूनही गुलाबी लगदा भरलेला साचा पेशंटच्या तोंडात बसवत.

"सर, स्कॅनर घेऊ," नवीन लागलेली डॉक्टर ज्योत्स्ना म्हणायची. "तोंडात नुसता फिरवला की माप तयार."

स्कॅनर कंपनीचा माणूस चहा पिऊन पिऊन थकला. नागपूरच्या मित्रांनी चिडवून पाहिलं. डॉक्टर ढिम्म.

हिंगणीच्या वच्छलाबाईंचे मात्र हाल होते. साचा आत गेला की त्या उठून बसत. "मले उलटी येऊन राह्यली!"

"नाकानं श्वास घ्या, मावशी. काही होत नाही. मनाचे खेळ आहेत."

शेवटी त्या पदर तोंडाला लावून निघूनच गेल्या.

आणि एके दिवशी फुटाणे खाताना डॉक्टरांचीच दाढ दुभंगली. कॅप बसवणं भाग होतं. डॉक्टर स्वतःच्याच खुर्चीवर आडवे झाले आणि ज्योत्स्नानं साचा भरला. नेमक्या तेव्हाच दात पुन्हा ठणकू लागल्यानं वच्छलाबाई दारात आल्या.

साचा आत गेला. डॉक्टरांचे डोळे पांढरे झाले, पाय हवेत गेले, एक चप्पल उडून कोपऱ्यात पडली.

"नाकानं श्वास घ्या, डॉक्टरसाहेब," वच्छलाबाई मायेनं म्हणाल्या. "काई होत नाई. मनाचे खेळ हायेत."

डॉक्टर साचा उपटून बेसिनकडे धावले. मिशीला लगदा घेऊनच परत आले.

"मावशी, तुम्हाला दरवेळी असंच व्हायचं?"

"मंग? मी काय नाटक करत होती?"

डॉक्टर ओशाळले. आजवर किती जणांना आपण नुसतं नाकानं श्वास घ्यायला सांगितलं, कोण जाणे!

"ज्योत्स्ना, त्या कंपनीवाल्याला फोन लाव."

"सर, आधी माप..."

"मशीन येईपर्यंत मी डावीकडून जेवीन."

मशीन आलं. डॉक्टरांच्या दाढेनंतर लगेच वच्छलाबाईंचा नंबर लागला. ना लगदा, ना ओकारी. पडद्यावर त्यांचे दात एकेक करून उगवत गेले. त्या हरखून पाहत राहिल्या, मग बाहेर बसलेल्या नवऱ्याला, रामाजींना, हाताला धरून आत घेऊन आल्या.

"तुमी म्हणता ना, माह्या तोंडात नुसती जीभच हाये? पाहा! दिसते का कुठी?"

रामाजींनी चष्मा पुसून पडदा नीट न्याहाळला.

"दिसत तं नाई," ते म्हणाले, "पण आवाज येऊन राह्यला."